सोनेरी फॉइलमधली चार अक्षरं

आलेलं पत्र, थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. पनवेलला माझं छोटं छपाईचं दुकान आहे. एका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, कुटुंबाने नातवाच्या लग्नाची २०० कार्डं टाकायला दिली. मॅटरच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात हाताने काढलेली तीन हिब्रू अक्षरं होती, मध्ये दोन बारीक रेघा. मला वाटलं घाईत अर्धवट लिहिलंय. आपल्याकडे पत्रिकेवर मधोमध ॥ श्री ॥ असतं तसं त्यांच्या देवाचं पूर्ण नाव टाकू म्हणून नेटवर शोधून चार अक्षरं घेतली, ब्लॉक बनवला आणि स्वतःच्या खर्चाने सोनेरी फॉइल मारलं, सरप्राइज म्हणून. कार्डं घेऊन गेलो तर सगळे गप्प. आजींनी एक कार्ड कडेला धरून उचललं, ओठांना लावलं आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिलं, बोलल्या काहीच नाहीत. मुलगा म्हणाला, ही वाटता येणार नाहीत, नंतर बोलू. आता १९९ कार्डं दुकानात पडून आहेत. रविवारी रद्दीवाला येतो. देऊ का? की फाडू, जाळू? माफी मागायला जाताना 'यहोवा मला क्षमा करो' म्हटलं तर चालेल? आणि मराठी मजकुरात 'देवाच्या कृपेने' आहे ते पण काढायचं का? रात्री झोप लागत नाही. — एक छपाईवाला"

भाऊ,

आधी रद्दीवाल्याला फोन करा आणि सांगा या रविवारी येऊ नको. बाकी सगळं त्यानंतर वाचा.

फाडू नका, जाळू नका, श्रेडरमध्ये घालू नका, पाण्यात सोडू नका. १९९ कार्डं एका स्वच्छ खोक्यात ठेवा, ते खोकं जमिनीवर नको, वरच्या फळीवर ठेवा आणि त्यावर दुसरं काही रचू नका. आता दुकानात जरा शोधा, कारण छपाईत एक वस्तू कधीच एकटी नसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सेटिंग करताना मारलेले खराब कागद असतील, ते टेबलाखालच्या वेस्टेजच्या ढिगात गेले असतील, तेवढे वेचून काढा. पहिलं प्रूफ असेल. फॉइलचा ब्लॉक असेल, त्यावर ती चार अक्षरं उलटी कोरलेली आहेत, तो भंगारात टाकू नका किंवा घासून परत वापरू नका. आणि फॉइलचा वापरलेला रोल, तो उजेडात धरून बघा, जिथून सोनेरी रंग उठून कार्डावर गेला तिथे त्या अक्षरांचे पारदर्शक ठसे एकाखाली एक राहिलेले दिसतील. तोही तुकडा कापून खोक्यात. कॉम्प्युटरमधली फाइल मात्र बिनधास्त डिलीट करा, पडद्यावरचं अक्षर म्हणजे नुसता उजेड, ते लिहिलेलं धरत नाहीत, बहुतेक रब्बींचं, म्हणजे आमच्या धर्मपंडितांचं, हेच मत आहे. फक्त परत प्रिंट मारू नका.

हे सगळं का, ते सांगते. मी स्वतः बेने इस्राएल, ठाण्यात वाढलेली, त्यामुळे तुमच्या पत्रातल्या त्या आजी मला अगदी डोळ्यासमोर दिसल्या.

त्या रागावलेल्या नाहीत हो. घरी अचानक फार मोठा पाहुणा आला आणि त्याला बसायला द्यायला पाट नाही, असं झालं की बाईमाणूस कसं गप्प होतं, तसं त्यांचं झालं. तुम्ही जी चार अक्षरं घेतलीत ती योद, हे, वाव आणि हे, तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, देवाचं जे खास स्वतःचं नाव आहे ते. आमच्याकडे हे नाव उच्चारत नाहीत, कोणीच नाही, कधीच नाही. प्रार्थनेत ती चार अक्षरं समोर आली की डोळे ती बघतात आणि तोंड 'अदोनाय' म्हणतं, म्हणजे 'माझा स्वामी'. आणि प्रार्थना संपवून पुस्तक मिटलं की मग अदोनाय पण नाही, साध्या बोलण्यात 'हाशेम' म्हणायचं, त्याचा अर्थ फक्त 'ते नाव'. इतकंच काय, अक्षरं सुटी सुटी सांगायची वेळ आली तरी काही लोक 'हे' ऐवजी 'के' म्हणतात, योद-के-वाव-के, म्हणजे चुकूनही जोडलं जाऊ नये. मी वर 'हे' लिहिलं ते तुम्हाला नीट कळावं म्हणून.

ते नाव एकेकाळी म्हणत असत. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा तिथले याजक लोकांना आशीर्वाद देताना ते घेत, आणि योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्याला आमचे जुने लोक दारफाळणीचा सण म्हणायचे, त्या दिवशी मुख्य याजक ते नाव घ्यायचा. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, मोजून सांगितलंय, त्या दिवसात दहा वेळा. आणि मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, लिहिलंय की अंगणात उभे असलेले याजक आणि लोक ते नाव कानावर पडलं की गुडघे टेकायचे, तोंडावर पालथे पडायचे आणि म्हणायचे, त्याच्या राज्याच्या वैभवाचं नाव सदासर्वकाळ धन्य असो. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडलं आणि नाव घ्यायची जागाच गेली. हळूहळू खरा उच्चार कसा होता तेही हरवलं. अक्षरं राहिली, आवाज गेला. मला लहानपणी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रडले होते, कोणाच्या घरातलं माणूस हरवावं तसं वाटलं होतं.

म्हणून 'यहोवा मला क्षमा करो' म्हणू नका. तुम्ही चांगल्या मनाने विचारलंत, पण हा शब्द आमचा नाही. झालं असं की हिब्रू लिहिताना मूळ फक्त व्यंजनं लिहायचे, स्वरांच्या खुणा अक्षरांच्या वर-खाली नंतर आल्या. पंडितांनी त्या चार अक्षरांना 'अदोनाय' या शब्दाचे स्वर लावून ठेवले, वाचणाऱ्याला आठवण म्हणून, की इथे अदोनाय म्हण. पुढे युरोपातल्या ख्रिस्ती वाचकांनी एकाची व्यंजनं आणि दुसऱ्याचे स्वर जोडून सलग वाचलं आणि त्यातून हा उच्चार तयार झाला. ख्रिस्ती घरात तो श्रद्धेने घेतात, त्यांचा मान त्यांना. पण आजींसमोर तो म्हणालात तर त्या पुन्हा गप्प होतील. साधं 'देव' म्हणा.

आणि हो, 'देवाच्या कृपेने' अजिबात काढू नका. मिटवायला बंदी आहे ती हिब्रू नावांना, तालमूदमध्ये त्यांची यादी आहे, बाराव्या शतकातला पंडित मायमोनिडीस याने ती सात अशी मोजलीत, दुसऱ्या भाषेतल्या शब्दाला ती पवित्रता लागत नाही असं सतराव्या शतकातले रब्बी शब्बताय हाकोहेन यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. इंग्लिशमध्ये बरेच ज्यू लोक तरीही देवाचा शब्द लिहिताना मधलं अक्षर गाळून आडवी रेघ मारतात, ती जास्तीची काळजी म्हणून, आणि त्यांची भावना मला कळते. पण मराठीत आमच्या घरात 'देव' असाच लिहिला आणि असाच हाक मारला. आमच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला मराठीतून कीर्तनं सुरू केली, मोशेची गोष्ट, योसेफची गोष्ट, त्यात देवा, प्रभू, ईश्वरा सगळं आहे, माझी आजी ती पदं भाकऱ्या थापताना म्हणायची. ते म्हणताना तिचा आवाज मोकळा असायचा. तीच आजी हिब्रू पुस्तक हातात घेतलं की हात धुऊन पदराला पुसून मग पान उलटायची.

आता मिटवू नये हे कुठून आलं ते सांगते, कारण रद्दीचा प्रश्न त्यातच आहे. तोरामध्ये, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात सांगितलंय की मूर्तिपूजकांच्या देवांची नावं त्या जागेवरून पुसून टाका, आणि लगेच पुढे, तुमच्या देवाशी मात्र असं करू नका. या एका ओळीवरून रब्बींनी नियम काढला की देवाचं लिहिलेलं नाव खोडायचं नाही, खरवडायचं नाही, नष्ट करायचं नाही. भांड्यावर कोरलेलं असेल तरी तेवढा भाग कापून काढून पुरायचा असं मायमोनिडीस सांगतो, म्हणून तर तुमच्या ब्लॉकची मला एवढी काळजी.

तुम्ही छपाईतले, तुम्हाला सोफेरचं काम सांगितलं तर लगेच कळेल. सोफेर म्हणजे तोराची गुंडाळी हाताने लिहिणारा माणूस. चामड्यावर, पिसाच्या नाहीतर बोरूच्या लेखणीने, काळ्या शाईने. एखादं साधं अक्षर चुकलं तर तो शाई वाळल्यावर पातीने खरवडून परत लिहू शकतो. पण देवाचं नाव आलं की तो थांबतो, आपण हे नाव पवित्र म्हणून लिहितोय असं तोंडाने म्हणतो आणि मग लेखणी टेकवतो, आणि ते लिहीत असताना राजाने जरी नमस्कार केला तरी उत्तर द्यायचं नाही असा नियम आहे. तिथे चुकला तर खरवडता येत नाही. तो पुष्कळदा चामड्याचा पूर्ण तुकडाच बाजूला ठेवतो, कित्येक दिवसांचं काम, आणि नवा घेतो. तुमची २०० कार्डं बाजूला गेली म्हणून तुम्हाला जे वाटतंय ते सोफेर लोकांना हजारो वर्षं वाटत आलंय.

आता तुमचा उद्देश. धर्मशास्त्रात लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं यालाही किंमत आहे, तालमूदमध्ये एक जुना प्रश्नच आहे, सोफेरला देवाचं नाव लिहायचं होतं पण त्या क्षणी त्याच्या मनात 'यहुदा' लिहायचं होतं आणि मधलं 'दालेत' अक्षर राहून गेलं, आता ते नाव झालं की नाही? (यहुदा या नावात ती चारही अक्षरं आहेत, अधिक एक दालेत. आपल्या मराठीतला यहुदी शब्द त्याच यहुदावरून आलाय.) तुम्ही तर मान द्यायलाच ते लिहिलंत. छापलेल्या नावाचं बरोबर काय करायचं हे ते कुटुंब त्यांच्या जाणत्यांना विचारेल, तो निर्णय तुमच्यावर नाही. तुमचं काम एवढंच की त्यांच्या हातात सगळं अखंड पोचवायचं.

ते काय करतील, तर बहुतेक पुरतील. आमच्याकडे जुनं प्रार्थनेचं पुस्तक, फाटलेलं पान, कशातही ते नाव असलं की ते केरात जात नाही. माझ्या माहेरी कपाटाच्या मागे खिळ्याला उशीचा एक पांढरा अभ्रा टांगलेला असायचा, त्यात अशी पानं साठायची, कधी मुलांच्या वहीतलं हिब्रू, कधी सिद्दूरची, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकाची, सुटलेली पानं, आणि अभ्रा भरला की काका तो मशिदीत घेऊन जायचे. (आम्ही आमच्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणतो, तुमच्या पनवेलमध्येही आहे.) तिथून ते सगळं कब्रस्तानात जातं आणि माणसाला पुरतात तसं पुरतात. तोराची गुंडाळी जीर्ण झाली तर ती मातीच्या भांड्यात घालून विद्वानाच्या शेजारी पुरावी असं सांगितलंय.

अशी पानं साठवायच्या जागेला गेनिझा म्हणतात. कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातला, बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग आहे, तिथे शेकडो वर्षं लोकांनी पानं टाकली. नुसती धार्मिक नाहीत, हिशेब, करार, औषधाच्या चिठ्ठ्या, भाऊ-भावाची पत्रं, हिब्रू अक्षरात लिहिलेलं काहीच फेकायचं नाही म्हणून सगळंच. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे विद्वान सॉलोमन शेख्टर तिथे गेले आणि त्यांनी त्यातला मोठा साठा केंब्रिजला नेला, आज तिथल्या ग्रंथालयात १,९०,००० च्या वर तुकडे आहेत. आणि भाऊ, त्यात आपल्या किनाऱ्याची पत्रं आहेत! बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी मंगळूरला राहून पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवत होता, त्याचा पत्रव्यवहार तिथे सापडला. कोणीतरी नाव असलेला कागद फेकवेना म्हणून ठेवला आणि शेकडो वर्षांनी आपल्याला कळलं की आपल्या समुद्रावरून काय काय जात होतं.

आता ती तीन अक्षरं, जी तुम्हाला अर्धवट वाटली. ती पूर्ण होती. बेत, सामेख, दालेत, आणि शेवटच्या अक्षराआधी दोन रेघा, त्या रेघा म्हणजे हे संक्षिप्त रूप आहे याची खूण. पूर्ण शब्द अरामी भाषेत 'बेसियाता दिश्माया', म्हणजे 'स्वर्गाच्या मदतीने'. तुमचं ॥ श्री ॥ च की, फक्त यात नाव नाही आणि ते मुद्दामच नाही. लग्नाचं कार्ड म्हणजे आठ दिवस फ्रिजवर लोहचुंबकाखाली, मग कोणी मागे दुधाचा हिशेब लिहितं, कोणी चहाच्या कपाखाली ठेवतं, आणि मग रद्दी. २०० घरात ते नाव तसं जाणार, हे आजींना त्या एका क्षणात दिसलं. आपण गणपतीचं चित्र असलेली पत्रिका केरात टाकताना अडखळतो ना, कोणी झाडाखाली ठेवतं, कोणी निर्माल्यात सोडतं, तीच अडचण आमच्या लोकांनी छापायच्या आधीच सोडवून टाकलीय. काही जण तर अशाच कामाचं दोन अक्षरांचं संक्षिप्त रूप 'बेत-हे' पण लिहीत नाहीत, कारण त्यातला 'हे' नावातला आहे.

पुढे कधी असं काम आलं तर अजून एक सांगून ठेवते. कार्डावर हिब्रू तारीख असेल तर ती अक्षरात लिहितात, दहाला योद, पाचाला हे. मग पंधरा म्हणजे योद-हे व्हायला पाहिजे, आणि सोळा योद-वाव. पण या दोन्ही जोड्या त्या नावाचे तुकडे आहेत, म्हणून पंधरा नऊ-अधिक-सहा असं लिहितात, तेत-वाव, आणि सोळा नऊ-अधिक-सात. तुम्हाला टेबल बघून वाटेल की ग्राहकाने चूक केली. दुरुस्त करू नका. आमचा तु बिश्वात हा झाडांचा सण, म्हणजे श्वात महिन्याची पंधरावी, त्यातला 'तु' हाच तेत-वाव आहे, त्या दिवशी आमचे लोक अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, जागी जातात, गोड पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा करतात. आम्ही पोरं तिथे 'तु बिश्वात, तु बिश्वात' ओरडत धावायचो, आणि ज्या नावाला वाचवायला तो 'तु' तयार झाला ते नाव मनातसुद्धा यायचं नाही.

लोक मला विचारतात, एवढी भीती कशाला देवाची. मला ही भीती कधी वाटली नाही. माझ्या शेजारच्या काकूंनी चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला 'अहो' शिवाय हाक मारली नाही, आणि हळदीकुंकवात कोणी आग्रह केला की उखाण्यात नाव घ्यायच्या तेव्हा म्हातारपणीही लाजून लाल व्हायच्या. त्यांना काकांची भीती होती का? देव आणि नवरा एक नव्हे, मला माहितीय, पण जवळचं नाव जपून ठेवायचं असतं आणि ते घ्यायला प्रसंग लागतो, हे मराठी माणसाला वेगळं समजवायला लागत नाही. लहान मुलांना आशीर्वचनं शिकवताना मात्र अदोनाय पूर्ण म्हणू देतात, सरावासाठी असलं तरी, मूल चुकीचं शिकू नये म्हणून.

तेव्हा उद्या-परवा जा, शनिवार सोडून. शुक्रवारी संध्याकाळीही नको, ते शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या, तयारीत असतील. खोकं स्वतः घेऊन जा, पोऱ्याला पाठवू नका. गाडीवर पायाशी ठेवू नका, पिशवीत घालून खांद्याला लावा. आजींना म्हणा, "आजी, मला माहीत नव्हतं, मान द्यायला गेलो आणि तुम्हाला अडचणीत टाकलं, यातलं एकही कार्ड, एकही तुकडा बाहेर गेलेला नाही." बस, एवढंच. जास्त बोलू नका. पैशाचं त्यांनी काढलं तर फॉइल तर तुमच्याच खर्चाने होतं, नवीन कार्डांच्या कागदाचं काय ते मुलाशी ठरवा, पण आजींसमोर नको. नवीन कार्डावर ती तीन अक्षरं त्यांनी लिहिली तशीच, त्या दोन रेघांसकट टाका, उजवीकडून डावीकडे, आणि प्रूफ छापून नेऊन त्यांच्या हातात द्या, व्हॉट्सअॅपवर नको, त्यांना अक्षराला चष्मा लावून बघू दे. सोनेरी फॉइल हवंच असेल तर वधू-वरांच्या नावांना मारा.

कब्रस्तानात न्यायच्या दिवशी त्यांनी बोलावलं तर जा, डोक्यावर रुमाल किंवा टोपी घ्या. आणि खोकं देताना मोजून द्या. १९९ कार्डं, खराब कागद किती ते, एक ब्लॉक, फॉइलचा तुकडा. दोनशेवं आजींच्या सिद्दूरमध्ये आहे, ते मागू नका.

तुमची ताई